ऑइल खालून सोडावं की वरून ओढावं?

घरी गाडीची सर्व्हिसिंग कशी करावी, याबद्दल गेल्या अंकात लिहिलं होतं आणि इंजिन ऑइल काढण्याचा भाग या अंकासाठी राखून ठेवला होता. त्याआधीच तुमची पत्रं आली, आणि बहुतेक सगळी ऑइलबद्दलच. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवताना मुलंही मला नेमके हेच प्रश्न विचारायची. तेव्हा या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त ऑइल.

सर, माझी 2015 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. वॉरंटी कधीच संपली, म्हणून ऑइल आता घरीच बदलणार आहे. कुणी म्हणतं खालचा बोल्ट काढून सोडा, कुणी म्हणतं डिपस्टिकच्या नळीतून पंपानं ओढा, जास्त निघतं. कुणी गरम इंजिनात काढा म्हणतं, तर कुणी रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी काढा म्हणतं. खरं काय? — एक वाचक, कोथरूड, पुणे

तुमच्या गाडीसाठी माझं उत्तर सरळ आहे: बोल्ट काढा, इंजिन कोमट असताना काढा, आणि निघालेलं ऑइल मोजा. लोक पहिल्या दोन गोष्टींवर तासन्‌तास वाद घालतात आणि तिसरी करतच नाहीत. माझ्या लेखी तिसरीच सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून काडी, म्हणजे डिपस्टिक, बघा. ऑइल वरच्या खुणेला आहे की खालच्या, ते लिहून ठेवा. मग ऑइल काढल्यावर ते आकडे छापलेल्या रिकाम्या कॅनमध्ये ओतून मोजा. तुमच्या इंजिनात फिल्टरसह साधारण तीन लिटर बसतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, तोच धरा. समजा, काडी भरलेली दाखवत होती आणि निघालं सव्वादोन लिटर. म्हणजे ऑइल आत कुठेतरी राहिलं आहे. तुमची पद्धत कमी पडली किंवा गाडी तिरकी होती. पण काडीच खालच्या खुणेपाशी होती आणि निघालं सव्वादोन, तर काढण्यात काही चूक नाही. इंजिन ऑइल पितंय किंवा कुठेतरी गळतंय, आणि ते शोधायला हवं. निघालेल्या ऑइलचा आकडा सारखाच, पण दुखणं पूर्ण वेगळं. न मोजता पुस्तकातला आकडा बघून नवीन ओतणारा माणूस पहिल्या प्रकारात इंजिन नको इतकं भरून ठेवतो. मग क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ऑइलमध्ये बुडून फिरते, फेस होतो, इंजिनातला ऑइल पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. कमी ऑइल जितकं वाईट, तितकंच हेही वाईट.

आता गरम की थंड. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. रात्रभर उभ्या गाडीत वरचं ऑइल निथळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं हे खरं. पण थंड ऑइल जड असतं, सावकाश वाहतं, आणि जड कचरा तळाशी बसलेला असतो तो तिथेच चिकटून राहतो. गरम ऑइल पातळ असतं, काजळी आणि बारीक कचरा त्यात तरंगत असतो, तो ऑइलबरोबर बाहेर येतो. म्हणून मी सांगतो: दहा मिनिटं गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. लगेच हात घालू नका. पूर्ण तापलेल्या इंजिनातलं ऑइल 90 अंशांच्या आसपास असतं, आणि बोल्ट सुटताना ते मनगटावरून थेट कोपरापर्यंत वाहत येतं. त्यानं भाजलेले हात मी पाहिले आहेत. वाट बघून चेंबरला हात लावा. हात ठेवता आला की काम सुरू करा.

गाडीखाली जाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती ऑइलपुरती राहत नाही. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. विटांच्या चळतीवरही नाही, वीट कधी फुटेल याचा नेम नसतो. एक तर लोखंडी स्टँड घ्या, नाहीतर रॅम्पवर पुढची चाकं चढवा. मला घरच्या कामाला रॅम्प जास्त बरा वाटतो. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे पुढचा भाग जॅकनं उचलला की गियरमध्ये गाडी ठेवण्याला अर्थ उरत नाही. ती चाकं हवेत असतात, गाडी धरून ठेवतो तो फक्त मागचा हँडब्रेक. रॅम्पवर चाकं टेकलेली राहतात, गियरही धरतो आणि हँडब्रेकही. तरी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावाच, आणि घरात कुणाला तरी सांगून खाली जा.

पुढचा भाग उचलला की गाडी मागे झुकते. ड्रेन बोल्ट चेंबरच्या मागच्या कडेला असेल तर हे फायद्याचं, ऑइल त्याच बाजूला जमतं. बोल्ट पुढे असेल तर पाव लिटर ऑइल मागच्या कोपऱ्यात अडकून बसतं, आणि मग पंपवाला म्हणतो, बघा, बोल्टनं सगळं निघत नाही. तेव्हा बोल्ट कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. गाडी झुकलेली राहणार असेल तर धार बारीक झाल्यावर बोल्ट लावा, गाडी सपाट उतरवा, चेंबरखाली हात जात असेल तर पुन्हा उघडून उरलेलं काढा.

प्रत्यक्ष काम सोपं आहे. वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा आणि काडी थोडी उचलून ठेवा, म्हणजे हवा आत जाते आणि धार न अडखळता पडते. मारुती, ह्युंदाई, होंडाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना 17 चा पाना लागतो. रेनॉच्या गाड्यांत 8 मिलिमीटरची चौकोनी चावी लागते, ती आधीच आणून ठेवा. रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरा, फिक्स पाना नको, तो बोल्टचे कोपरे खातो. बोल्ट सैल झाला की पुढचं हातानं करा, आणि शेवटचे आटे सुटताना बोल्ट आत दाबून धरा, मग झटक्यात बाजूला घ्या. धार सुरुवातीला तिरकी, लांब पडते आणि ऑइल कमी होत गेलं की सरळ खाली येते. म्हणून घमेलं बोल्टच्या बरोबर खाली न ठेवता धारेच्या दिशेला थोडं पुढे ठेवा आणि नंतर मागे ओढा. मोठं पसरट घमेलं हवं, बादली गाडीखाली मावत नाही.

पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या. त्याहून जास्त थांबून फारसं काही हाती लागत नाही. कुठल्याही पद्धतीनं काढलं तरी ऑइलच्या बारीक वाटांमध्ये, इंजिनाच्या ऑइल पंपात, वरच्या हेडमध्ये थोडं जुनं ऑइल राहतंच. त्याची काळजी करू नका. इंजिन बनवणाऱ्यांनी ते धरूनच ऑइल बदलण्याचं अंतर ठरवलेलं असतं.

ऑइल पडत असताना त्याच्याकडे बघा. पेट्रोल गाडीचं ऑइल काळपट तपकिरी असणारच. दुधी दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. पेट्रोलचा उग्र वास आला तर तेही नोंदवा. बोटावर घेऊन उन्हात धरा, धातूची चमक दिसते का बघा. हा फायदा खालून सोडण्यातच आहे, आणि मी बोल्टच्या बाजूनं बोलतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

बोल्ट परत लावताना वॉशर नवीन घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की त्याचं काम संपलं. बोल्ट आधी पूर्ण हातानं फिरवा, वॉशर टेकू द्या, मग पाना लावा. अशा बऱ्याच गाड्यांत 35 न्यूटन-मीटरच्या आसपास कसायचं असतं. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण अठरा किलोचा जोर म्हणजे तेवढं झालं. पान्याला पाइप लावून ओढण्याची तर अजिबात गरज नाही. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच सगळं ऑइल रस्त्यावर येतं.

सर, माझा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. तिथल्या वर्कशॉपनं त्याच्या मर्सिडीजचं ऑइल वरून पंपानं ओढून काढलं. गाडी उचललीसुद्धा नाही. मी इथे आमच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. एवढी मोठी कंपनी चुकीचं करेल का? — एक वाचक, ठाणे

मिस्त्रींनी हसायला नको होतं. वर्कशॉपनं केलं ते बरोबर आहे. मर्सिडीजच्या बऱ्याच इंजिनांत काडीची नळी चेंबरच्या सगळ्यात खोल जागेपर्यंत सरळ जाते. ऑइल तिथून ओढता यावं, असा विचार त्या रचनेतच आहे. पहिल्या पिढीच्या ‘स्मार्ट फॉरटू’च्या चेंबरला तर ड्रेन बोल्टच नव्हता, वरून ओढण्याशिवाय मार्ग नव्हता. बोटींच्या इंजिनांतही वर्षानुवर्षं असंच ओढतात, कारण तिथे इंजिनाखाली हात जायला जागाच नसते.

अडचण येते ती ही पद्धत सरसकट सगळ्या इंजिनांना लावली की. काही इंजिनांत काडीची नळी चेंबरच्या एका कडेला संपते, काहींत चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या असतात आणि पंपाची नळी तिथेच अडते. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मी मुलांना पंपानं ऑइल ओढायला लावायचो आणि पंप हवा ओढू लागला की लगेच खालचा बोल्ट उघडायला सांगायचो. एखाद्या इंजिनातून चार थेंब पडायचे, दुसऱ्यातून पाव लिटर, कधी त्याहूनही जास्त. पडायचं ते सगळ्यात गाळकट. तुमच्या गाडीबाबत हे एकदाच करून बघा. फरक चमचाभर असला तर पुढे बेलाशक पंप वापरा.

पंप वापरणाऱ्यांसाठी थोडं. ऑइल कोमट हवंच, थंड ऑइलला बारीक नळीतून ओढताना हातपंप दमवतो आणि बारा व्होल्टची छोटी मोटर जळते. नळी तळाला टेकली की किंचित वर घ्या, फिरवून दोन-तीन जागी ओढून बघा. फिल्टर इंजिनाच्या वर असेल तर त्याचं झाकण आधी सैल करा, म्हणजे त्यातलं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. तोंडानं ओढायचा विचारही करू नका. आणि ज्यांना गुडघे, कंबर किंवा पाठ साथ देत नाही, किंवा ज्यांच्याकडे सपाट जागा आणि धड स्टँड नाहीत, त्यांनी पंपच वापरावा, भले थोडं ऑइल आत राहो. गाडीखाली धोका पत्करून काढलेल्या त्या शेवटच्या पाव लिटरचं मला काही कौतुक नाही.

सर, बोल्टच्या जागी कॉकसारखा व्हॉल्व्ह बसवतात, दांडी फिरवली की ऑइल येतं. बसवावा का? — एक वाचक, नागपूर

जपानच्या फुमोटो कंपनीचे असे व्हॉल्व्ह बरेच प्रसिद्ध आहेत आणि काम चांगलं करतात. ज्यांच्या गाड्या खूप चालतात आणि ऑइल वारंवार बदलावं लागतं, त्यांच्या चेंबरचे आटे यामुळे वाचतात. पण व्हॉल्व्ह बोल्टपेक्षा खाली लोंबतो. तुमच्या गाडीच्या चेंबरखाली लोखंडी पत्रा नसेल आणि गावाकडच्या दगडी रस्त्यावर जाणं होत असेल, तर बसवू नका. एक दगड लागला तर चालू इंजिनातलं सगळं ऑइल जाईल. छिद्र अरुंद असल्यानं वेळही जास्त लागतो.

काका, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या वॅगन-आरचं ऑइल पहिल्यांदाच काढलं. काळं येईल वाटलं होतं, पण पिवळसर, घट्ट आणि उग्र वासाचं आलं. बोल्ट परत लावून तसंच ठेवलंय. पुढे काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

बाळा, थांबलीस आणि विचारलंस, फार बरं केलंस. तू गियरबॉक्सचा बोल्ट उघडलास. गाडी सुरू करू नकोस, ढकलून किंवा ओढूनही नेऊ नकोस. पुस्तकात गियर ऑइलचा दर्जा आणि माप दिलंय, ते नवीन आणून गियरबॉक्सच्या बाजूच्या छिद्रातून भर, छिद्राच्या कडेपर्यंत आलं की थांब. त्यानंतरच इंजिनाकडे वळ. इथे लोक पुढची पायरी चुकतात: ऑइल निघालं असं समजून इंजिनात वरून नवीन ओततात. मग गियरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट ऑइल, दोन्ही एकदम. पुढच्या वेळी ओळखायची खूण अशी, की इंजिनाचा चेंबर ऑइल फिल्टरच्या बाजूला असतो, गियरबॉक्समधून चाकांकडे जाणारे शाफ्ट निघतात. बाबांनाही दाखव, दोघं मिळून करा.

सर, मागच्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजमध्ये बोल्ट इतका कसला, की यंदा काढताना आटेच बाहेर आले. दुकानदार म्हणतो टेफलॉन टेप गुंडाळा. — एक वाचक, सोलापूर

टेप नको. तिचे तुकडे आत गेले तर ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. वरून एम-सील फासणंही नको. आटे गेलेत ते अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे, बोल्टचे नाहीत, त्यामुळे नवीन बोल्टनंही भागणार नाही. चेंबर काढून लेथवाल्याकडे न्या, छिद्र मोठं करून त्यात हेलिकॉइल (नवीन आटे देणारी तारेची स्प्रिंग) किंवा धातूचा बुश बसवून घ्या, त्यात पुन्हा मूळ मापाचा बोल्ट बसतो. चेंबर गाडीवर असतानाच छिद्र पाडू द्यायचं नाही, बुरादा आत जातो. चेंबरला भेगही गेली असेल तर नवीनच घ्या. तोवर गाडी उभी ठेवा.

सर, आमच्या गावचे मिस्त्री ऑइल काढायच्या आधी इंजिनात लिटरभर डिझेल टाकून पाच मिनिटं फिरवतात, इंजिन आतून धुतलं जातं म्हणतात. — एक वाचक, जालना

करू देऊ नका. डिझेलनं ऑइल पातळ होतं आणि ती पाच मिनिटं क्रँकची बेअरिंगं त्या पातळ मिश्रणावर फिरतात. शिवाय वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ ढेकळांनी सुटतो आणि जाळी तुंबवतो. इंजिन आतून फारच गाळकट वाटत असेल, तर चांगलं ऑइल टाका आणि पुढची दोन बदलणी निम्म्या अंतरावर, दर वेळी फिल्टरसह करा. हळूहळू साफ होईल. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) डिझेल गाडी असेल तर तिच्या काजळीच्या फिल्टरला चालणारं, पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल वापरा. तिथे तडजोड नको.

सर, काढलेलं ऑइल आम्ही कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावतो, उरलेलं सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला मागून नेतात. यात काही चुकतंय का? — एक शेतकरी वाचक, तासगाव

दादा, वाया जाऊ नये म्हणून तुम्ही करता, हे मला कळतं. पण वापरलेलं ऑइल म्हणजे नुसतं जुनं ऑइल नव्हे. इंजिनातल्या जळणातून तयार झालेली विषारी संयुगं आणि झिजलेल्या धातूंचे कण त्यात असतात, आणि ते सतत कातडीला लागत राहिलं तर कर्करोगाचाही धोका असतो. खांबाला लावलेलं पावसात धुऊन मातीत उतरतं. तुमच्या शेतात विहीर असेल, द्राक्षबाग असेल, त्याच मातीत. सेंट्रिंगवाले ते उघड्या हातांनी प्लेटांना फासतात, त्यांनाही देऊ नका. आणि स्वतः काम करताना रबरी हातमोजे घाला, ऑइलनं भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

आपल्याकडे 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. त्या ऑइलवर प्रक्रिया करून पुन्हा चांगलं ऑइल बनवता येतं. जर्मनीत तर विकत घेतल्याची पावती दाखवली की दुकानाला तेवढंच जुनं ऑइल फुकट परत घ्यावं लागतं. आपल्याकडे घरगुती माणसाला अशी खिडकी हाताशी नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणचं एखादं मोठं सर्व्हिस सेंटर गाठा. त्यांच्याकडचं ऑइल नोंदणीकृत व्यापारी पिंपानं उचलतात. लिटर-दोन लिटर घ्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही; पहिलं सेंटर नाही म्हणालं तर दुसरं विचारा.

जुनं ऑइल नवीन ऑइलच्या रिकाम्या झालेल्या डब्यातच भरा, पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत नको, घरात मुलं असतात. डब्यावर ‘जुनं ऑइल’ असं मोठ्या अक्षरात लिहा. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या, त्यातूनही बरंच निघतं. अंगणात सांडलं तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा टाका, तो शोषून घेतो, मग झाडून वेगळ्या पिशवीत भरा. आणि डब्यात पाणी, कूलंट, पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नका. मिसळलेलं ऑइल पुढे कुणीच घेत नाही.